इंजिन बंद करून ऐकणारे मामा

"बाई, पिन मारा! गुदमरतोय तो!"

पोलादपुरातल्या आमच्या बिऱ्हाडाचा पहिला दिवस उजाडला तो खालच्या ओटीवरून आलेल्या या आरोळीनं. मी वरच्या खोलीत स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं होतं. ज्योत निळी होती, आवाज मला तरी ठीक वाटत होता. पण घरमालकाशी पहिल्याच दिवशी वाद कशाला, म्हणून पिन मारली, तर ज्योत खरोखरच बोटभर वर आली. खाली दात घासत बसलेल्या माणसाला माडीवरच्या स्टोव्हचं दुखणं नुसत्या कानांनी कळलं होतं. मला कौतुक वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर रागच आला. आमच्या खोलीतलं आणखी काय काय यांना ऐकू येत असेल, हा विचार नव्या संसाराला मानवणारा नव्हता.

घरमालकांना सगळा गाव मामा म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. मूळचे कुडपणचे. लढाईत ब्रह्मदेशात लॉरी चालवून आले होते. परत आल्यावर लष्कराच्या लिलावातली एक पिकप घेतली आणि पोलादपूर ते महाड असा दुधाचा धंदा सुरू केला. सकाळी रस्त्याकडेच्या गावांतून आणि वरच्या वाड्यांतून उतरणारं दूध गोळा करायचं आणि महाडच्या हॉटेलांना घालायचं. आमचे हे पोलादपूरच्या कचेरीत कारकून, आणि माझी नोकरी महाडच्या शाळेत, तीही सकाळच्या. पहिली एसटी पोचेपर्यंत शाळेची प्रार्थना होऊन जायची. त्यामुळे पुढली चार वर्षं मी मामांच्या शेजारी बसून, मागे दुधाचे कॅन आदळत असताना, रोज महाडला गेले.

गेले म्हणजे काय, थांबत थांबत गेले. दहा-अकरा मैलांच्या रस्त्यात मामा वीसेक ठिकाणी थांबत. नुसते थांबत नसत, प्रत्येक ठिकाणी इंजिन बंद करत. मग मान किंचित तिरकी करून, डोळे मिटून बसत. पहिल्या दिवशी मला वाटलं, जप करतात.

"मामा, जायचं ना?"

"थांबा बाई. ऐकून घेऊ दे."

ते ऐकत होते ती हाळी. वरच्या वाड्यांतून रस्ता दिसत नाही. दूध घेऊन निघालेल्या माणसाला उशीर झाला, की तो डोंगराच्या कडेवरून हाळी देतो, लांबलचक, दरीत घुमणारी. खालून मामा तोंडाशी हात धरून "ओऽऽ" देत. ओ दिली म्हणजे शब्द दिला. मग तो माणूस धापा टाकत खाली येईपर्यंत गाडी हलत नसे. कुठली हाळी कुणाची, हे मामांना पाठ होतं. "ही पार्ल्याची म्हातारी. सर्दी झालीय तिला." पाच मिनिटांनी म्हातारी उतरायची आणि तिचं नाक खरंच वाहत असायचं.

मी जात्याच घाईची. शाळेत उशीर झाला की हजेरीपुस्तकात लाल रेघ पडायची, आणि त्या रेघा माझ्या अंगावर ओढल्यासारख्या वाटायच्या. मामांना घाई हा शब्दच माहीत नव्हता. गाडी अनवाणी चालवायचे, चपला पायरीवर काढून, देवळात शिरावं तसे. का, तर "तळपायाला कळतं, इंजिन काय बोलतंय ते." हॉर्नची वायर त्यांनी स्वतःच्या हातानं तोडून टाकली होती. "हॉर्न म्हंजे वाटंच्या मानसाला शिवी. सकाळच्या पारी कुनाला शिवी द्यायची?"

एकदा पुढं बैलगाडी होती आणि गाडीवान बसल्या बसल्या झोपलेला. मामा बैलांच्या चालीनं त्याच्यामागून निमूट चालले. अर्धा मैल झाला, माझा जीव वरखाली. शेवटी मीच उतरले, तरातरा पुढं गेले आणि गाडीवानाला हलवून उठवला. परत येऊन बसले तर मामा गंभीरपणे म्हणाले, "बाई, तुमी हॉर्नचं काम बरं करता." पुढे महिनाभर पोलादपुरात ते माझी ओळख 'आमचा हॉर्न' अशीच करून देत होते.

मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आमचीही बदली झाली, मी पुढे मुख्याध्यापिका झाले आणि माझ्या हाताखालच्यांना लाल रेघा ओढल्या. पण त्या माणसाइतका शहाणा माणूस मी शाळेत किंवा कचेरीत पाहिला नाही, हे मी आज मोकळेपणानं लिहिते. तेव्हा मात्र मला ते कळलं नव्हतं, आणि त्याची शिक्षा तिसऱ्याच माणसाला होऊ घातली होती.

झालं असं, की चौथ्या वर्षी जुनी पिकप थकली. पायाखालचा पत्रा कुजून त्यातून रस्ता दिसू लागला. मामांना दुसरी गाडी घेणं भाग होतं. त्यांचा एक भाचा मुंबईत, लालबागच्या गॅरेजात कामाला होता. त्याचं पत्र आलं. मामी निरक्षर, मामांना लष्करी रोमन अक्षरापलीकडे वाचायचा कंटाळा, म्हणून पत्र मी वाचलं. दोन गाड्या होत्या. एक पेट्रोलची, जुनीच, पण धड. दुसरी पिकप अशी, की तिचं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेलं. तेव्हा मुंबईत अशी इंजिनं बदलून द्यायची लाटच आली होती. भाच्यानं शेवटी लिहिलं होतं, "मामा, पेट्रोलचा जमाना खतम. डिझेलच घ्या."

आमच्याकडे डिझेलला क्रूड म्हणत. पेट्रोल की क्रूड, या प्रश्नावर त्या आठवड्यात पोलादपुरात ज्याला मत नव्हतं असा माणूस नव्हता. न्हाव्यानं क्रूड सांगितलं. ज्याच्याकडे साधी सायकलही नव्हती त्या पोस्टमननं क्रूड सांगितलं. क्रूड स्वस्त, आणि गॅलनमागे मैलही जास्त पडतात, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. एकटे मामा मान हलवत होते.

"पेट्रोल म्हंजे चहा. क्रूड म्हंजे भाकर," ते म्हणाले. "लांबच्या गावाला जायाचं तर भाकर बांधावी. दारातनं परसात जायाला कुनी भाकर बांधतं काय? माझी गाडी तापायच्या आत थांबते. क्रूडचं इंजिन पुरतं तापल्याबिगर खुशीत येत नाय."

आणि मी, हुशार बाई, पटकन बोलून गेले, "मामा, दिवसाला वीस चहा पिण्यापेक्षा एक भाकर बरी. पोटालाही आणि खिशालाही."

ओटीवर बसलेले सगळे हसले. मामाही हसले आणि वाद त्यांनी तिथंच सोडला. कोटी चांगली जमली याचा मला केवढा आनंद! माणसाचं म्हणणं खोडायला कोटी पुरते, पण त्यानं ते खोटं ठरत नाही, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

राहता राहिली देवी. मामी म्हणाल्या, येवढं मोठं काम कौल लावल्याशिवाय करायचं नाही. आमच्या भागात देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतात आणि गुरव तिला प्रश्न घालतो. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सगळे देवळात गेलो. सुट्टी काढून आलेला भाचाही होता. गुरवाला मामींनी चारदा पढवलं होतं, पण डिझेल, क्रूड हे शब्द देवीपुढे त्याच्या तोंडून निघेनात. शेवटी त्यानं गाऱ्हाणं घातलं, "हे आई, तुझं लेकरू तेलावरची गाडी घेतंय, तर घेऊ दे का नको, तो कौल दे."

बराच वेळ काही पडेना. मामा हळूच म्हणाले, "थंड हाय. हँडल मारा." मामींनी डोळे वटारले. तेवढ्यात उजवी कळी पडली. भाचा ओरडला, "हो म्हनाली! डिझेल पास!" मामांनी एकदा गुरवाकडे, एकदा देवीकडे पाहिलं आणि नमस्कार करून बाहेर आले.

डिझेलची गाडी पंधरा दिवसांच्या बोलीवर आली. पसंत पडली तर ठेवायची, नाही तर परत. भाच्यानं जाताना बजावलं, "बॅटरी थोडी डाऊन हाय मामा. थंडीत सारखी बंद-चालू करू नका."

पौषातली थंडी होती. पहिल्याच थांब्यावर मामांनी सवयीनं इंजिन बंद केलं, कान देऊन ऐकलं, दूध घेतलं आणि स्टार्टर दाबला. गाडी दोनदा कण्हली आणि थंडावली. पेट्रोलची गाडी मामा एका हातानं हँडल मारून उठवत. या इंजिनापुढे तिघांचे दंड भरून आले, तरी ते हूं की चूं करेना. शेवटी दूधवाल्या बायकांसकट आठ जणांनी ढकललं, तेव्हा एवढा काळा धूर सोडून सुरू झालं, की एका किटलीतल्या दुधाला वास लागला. दुसऱ्या दिवसापासून मामांनी वाटेत इंजिन बंद करणं सोडलं. गाडी उभी राही, पण धडधडत. जी माणसं रस्त्यावर असत त्यांचं दूध घ्यायचं, थोडं थांबायचं, निघायचं.

मी सलग तीन दिवस शाळेत वेळेआधी पोचले. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी मनात म्हटलं, बघा, विज्ञान!

मामा मात्र गाडीत बोलेनासे झाले. प्रत्येक थांब्यावर डोकं बाहेर काढून, हाताची ओंजळ कानाशी धरून बसत. त्या धडधडीत शेजारी बसलेल्या माझाही आवाज त्यांना नीट येत नव्हता. मी एकदा म्हटलं, "काय ऐकता मामा?" ते म्हणाले, "कायच नाय." मला वाटलं, काही विशेष नाही असं म्हणताहेत.

शनिवारी लोहाऱ्याच्या थांब्यावर एक बाई कॅनमध्ये दूध ओतता ओतता म्हणाली, "मामा, भागीकाकी म्हस इकायला काढतेय. ठावं हाय काय?"

भागीकाकी म्हणजे लोहाऱ्याच्या वरच्या वाडीतली. नवरा मुंबईला गिरणीत, वर्षातून एकदा शिमग्याला दिसायचा, तोही रिकाम्या हातांनी. घरात ती, म्हातारी सासू आणि बापानं दिलेली एक म्हैस. थंडीत ती म्हैस पान्हा उशिरा सोडायची, म्हणून काकीला रोज उशीर आणि रोज तिची हाळी. महाडला दूध जातंय म्हणून त्या दोन बायकांची चूल पेटत होती.

"का गो, कशापायी?" मामा इंजिनावर आवाज चढवून ओरडले.

"तीन दिस दूध वतून दिलंन. वरनं हाळी देती, देती, तुमची ओ नाय. खाली येतंय तवर गाडी गेलेली. शुक्रवारी गिऱ्हाईक येनार हाय म्हशीला."

मामांचा हात स्टिअरिंगवर होता तसाच राहिला. आणि मला ती वीस चहांची कोटी आठवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी मामा वाडी चढायला निघाले. मीही निघाले. "तुमी कशाला बाई?" म्हणाले. मी म्हटलं, "भाकर माझी होती." ते चालू लागले.

काकी अंगणात शेण थापत होती. आम्हाला बघून उठली नाही.

"मला वाटलं, मामा मेलं," ती म्हणाली. "तीन दिस हाळी दिली. मेलेला मानूसच ओ देत नाय."

"मेलो नव्हतो गो भागे. क्रूडवर होतो."

काकीला हसू आलं नाही. मामांनाही ते हसण्यासाठी बोलायचं नव्हतं. साठीचा माणूस त्या बाईपुढे, शेणाच्या हातांपुढे, गुन्हेगारासारखा उभा होता.

"म्हस देऊ नको. मला सा दिस दे."

"सा दिस दूध काय आचळात ठेवू? आनि गिऱ्हाइकाला शब्द दिलाय म्या. सासू म्हनते, इकून टाक नि मुंबईला जा भांडी घासायला." मग पुन्हा शेण थापायला लागली. "रस्त्यावर कुनी थांबत नाय त्याला कोन काय करनार? गाड्या कुनासाठी थांबत नायत, मामा. तुमची थांबत होती, येवढंच."

"दिलेला शब्द मोड असं मी सांगनार नाय," मामा म्हणाले. "पन शनिवारी सकाळी मी खाली हाय."

तिनं पुढची गोवरी थापली.

उतरताना मी म्हटलं, "मामा, माझं चुकलं."

"तुमचं हिशेबानं बरोबरच होतं. भाकर वाईट नसते बाई. ज्याला पुणं, कोल्हापूर गाठायचंय त्यानं क्रूडच घ्यावं. त्याला थांबायचं नसतं. माझा धंदा जायाचा नाय, थांबायचा हाय. दूध काय, कुनी बी नेईल." एवढं लांब बोलून झाल्यावर ते स्वतःशीच म्हणाले, "ठावं होतं मला. तरी ऐकलं लोकांचं."

सोमवारी मामा डिझेलची गाडी घेऊन मुंबईला गेले. तिकडे भाच्यानं आकांडतांडव केलं. देवीचा कौल मोडता का, म्हणून विचारलं. त्यावर मामांनी दिलेलं उत्तर पुढे पोलादपुरात वर्षानुवर्षं सांगितलं जाई. "देवीनं तेलावरची गाडी घे म्हनून सांगितलं. पेट्रोल काय पानी हाय?" देवळात गुरवाकडे त्यांनी का पाहिलं होतं, ते मला तेव्हा कळलं. सुटका तिथंच दिसली होती त्यांना, पण चारचौघांच्या मताचा मान राखून गप्प बसले होते.

तो आठवडा वाईट गेला. दूध बैलगाडीनं जाई आणि निम्मं नासे. महाडची दोन मोठी हॉटेलं कंटाळून दुसऱ्याच्या लॉरीकडे गेली, ती मामांकडे परत कधीच आली नाहीत. मी एसटीनं जात होते आणि रोज लाल रेघ खात होते. शुक्रवारी म्हशीचं गिऱ्हाईक लोहाऱ्याकडे गेलेलं मी स्वतः एसटीतून पाहिलं. खांद्यावर नवं दावं टाकलेला लठ्ठ माणूस. त्याच दिवशी संध्याकाळी मामा पेट्रोलची पिकप घेऊन आले. एका बाजूला दारच नव्हतं. त्या दावं घेतलेल्या माणसाचं मी त्यांना सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि गाडीची हॉर्नची वायर तोडायला बसले.

शनिवारी सकाळी धुकं होतं. लोहाऱ्याला गाडी थांबली. खालच्या बायकांनी दूध घातलं आणि त्या गेल्या. मामांनी इंजिन बंद केलं. डिझेलची ती धडधड आणि मग आठवडाभर एसटीची घरघर ऐकल्यावर ती शांतता कानांना बोचली. पाण्याचा आवाज येत होता, कुठंतरी कोंबडा आरवत होता. वाडीकडून काही नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मामांनी डोळे मिटलेले. मनगटावरचं घड्याळ मी पदराखाली झाकून घेतलं. ते गिऱ्हाईक कालच म्हैस घेऊन गेलं असणार, हे मला दिसत होतं, आणि मामांना कसं सांगावं ते सुचत नव्हतं.

मग मामा गाडीतून उतरले. अनवाणीच रस्त्याच्या कडेला गेले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाळ्यांना ओ देणाऱ्या त्या माणसानं स्वतः हाळी दिली.

"भाऽऽगेऽऽ! एऽऽ भाऽऽगेऽऽ!"

अख्खी दरी घुमली. वरून ओ आली नाही. त्यांनी पुन्हा दिली. तिसऱ्यांदा देताना त्यांचा आवाज चिरकला. मला बघवेना, मी मान फिरवली.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. पायवाटेवर दगड घरंगळल्याचा आवाज झाला. मला ऐकू यायच्या आधी तो मामांना आला होता, कारण मी वळले तेव्हा ते वाटेच्या तोंडाशी जाऊन उभे होते. धुक्यातून भागीकाकी उतरत होती, डोक्यावर किटली, आणि चेहरा रागानं लाल.

"येवढ्यानं वरडायचं काय, मामा? बुजली ना म्हस! अर्धं दूध सांडलंन मेलीनं!"